ताका, टोपली आणि माथा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून उत्तरेकडे निघालेला दादाभाई नौरोजी मार्ग जिथे लोकमान्य टिळक मार्गाला मिळतो, त्या चौकापासून पश्चिमेला काळबादेवी, उत्तरेला पायधुनी आणि पूर्वेला मशीद बंदर एवढ्या टापूत मुंबईचा सर्वांत दाट बाजार वसलेला आहे. कापडाची मंगळदास आणि मूळजी जेठा ही मार्केटे, सोन्याचा झवेरी बाजार, तांब्यापितळेचा तांबाकाटा, विजेच्या सामानाची लोहार चाळ, फळांची क्रॉफर्ड मार्केटची दगडी इमारत, भुलेश्वरची भाजीची आणि फुलांची गल्ली आणि मशीद बंदरातील मसाल्यांच्या वखारी एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की एका मालाचा वास संपण्याआधीच दुसऱ्याचा सुरू होतो. मुंबईवर लिहिताना कापडबाजार आणि खाद्यबाजार असे दोन वेगळे विषय मानण्याची पद्धत आहे. परंतु प्रत्यक्ष गल्ल्यांतून फिरल्यावर ही वाटणी टिकत नाही, कारण दोन्ही बाजारांची जागा एकाच कारणाने ठरली आहे आणि दोन्हींचा माल आजही एकाच प्रकारच्या माणसांच्या डोक्यावरून जातो.

जागेचे कारण असे. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि तिच्यात दाट वस्तीचा बराच भाग जळून गेला. त्यानंतर तटाबाहेर मोकळे मैदान राखून त्यापलीकडे देशी व्यापाऱ्यांची वस्ती वाढत गेली. पुढे १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, १८६० च्या दशकात कोटाचे तट पाडले गेले, आणि एका बाजूला बंदरांचे धक्के तर दुसऱ्या बाजूला रेल्वेचे ठाणे अशा दोन उतारांच्या मधली ही जमीन व्यापाराला आपोआप सोयीची ठरली. जहाजातून उतरलेला किंवा गाडीतून आलेला माल बैलगाडीने, हातगाडीने किंवा डोक्यावरून थोडक्या वेळात पोहोचेल एवढ्याच अंतरावर पेढ्या आणि वखारी उभ्या राहिल्या. त्यामुळे या गल्ल्यांची रुंदी मोटारीच्या हिशेबाने मोजू नये. ती ओझे घेतलेली दोन माणसे एकमेकांना वळसा घालून जातील अशा मापाने ठरलेली आहे.

पन्हा, पोत आणि खळ

सर मंगळदास नथुभाई (१८३२–१८९०) या दानशूर व्यापाऱ्याच्या नावाचे मंगळदास मार्केट शेख मेमन स्ट्रीटला लागून, जामा मशिदीच्या शेजारी आहे. वर छप्पर, खाली एकमेकींना छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून थोडे उंच गाळे अशी त्याची रचना आहे. गाळ्यात पांढऱ्या चादरीची गादी अंथरलेली असते, तिच्यावर विक्रेता बसतो, त्याच्या पाठीशी छतापर्यंत कापडाचे ताके रचलेले असतात, आणि गिऱ्हाईक गल्लीतच उभे राहून किंवा गादीच्या कडेला टेकून माल पाहते. ताका म्हणजे गिरणीतून किंवा मागावरून उतरलेले, घडी घालून किंवा पुठ्ठ्यावर गुंडाळून आलेले सलग कापड. तो गादीवर आपटून उलगडण्याचा आवाज ही या मार्केटची ओळखच म्हणता येईल, आणि त्या एका आपटण्यात विक्रेता कापडाचा वजनदारपणा, घडीचा मऊपणा आणि रंगाचा सलगपणा हे तिन्ही एकदम दाखवून मोकळा होतो.

कापडाची लांबी मीटरमध्ये आणि रुंदी, म्हणजे पन्हा, मात्र इंचांत सांगण्याची जी दुहेरी पद्धत येथे चालते, तिच्यामागे इतिहास आहे. मागाची रुंदी इंचांनी ठरत असे आणि विक्री वाराने होत असे. दशमान पद्धती कायद्याने आली तेव्हा गादीवरचा लोखंडी गज बदलला, पण मागाच्या मापाचा शब्द तोंडातून गेला नाही. शिंप्याकडून आलेली बाई ‘छत्तीसचा पन्हा की चव्वेचाळीसचा’ हे आधी विचारते, कारण पन्हा वाढला की लागणारी लांबी कमी होते आणि सारा हिशेब त्यावर फिरतो. पोलक्याच्या कापडाच्या गाळ्यांत हे अधिक स्पष्ट दिसते. ‘टू बाय टू रुबिया’ या नावाने जे तलम सुती कापड महाराष्ट्रातल्या घराघरांत ओळखीचे आहे, त्यातला ‘टू बाय टू’ हा शब्दप्रयोग धाग्याविषयी आहे: उभा धागा, म्हणजे ताणा, आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, हे दोन्ही दुपदरी पिळाचे असतील तर कापड तलम राहूनही उसवत नाही आणि शिवणीवर ताण सोसते. साडीचा पदर गाळ्यातल्या दिव्याखाली धरून एकाच जांभळ्याच्या अनेक छटांतून नेमकी छटा काढून देणारा विक्रेता हा रंगाचा जाणकारच असतो, आणि पुष्कळदा तो गिऱ्हाइकाला गल्लीच्या तोंडाशी, उजेडात नेऊन खात्री करून देतो, कारण दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो हे त्याला ठाऊक असते.

मालाची पारख हाताने होते. कापड चुरगळून दोन बोटांत घासले असता बारीक पांढरी भुकटी गळली, तर त्यात खळ, म्हणजे विणण्यापूर्वी किंवा नंतर दिलेली कांजी, जास्त आहे असे समजते. असे कापड गादीवर भरदार दिसते आणि पहिल्या धुण्यात लोळते. कडेचा एक धागा ओढून काडीला लावला असता तो कागदासारखा जळून राख झाली तर सूत, वितळून टोकाला कठीण मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि दोन्हींचा थोडाथोडा अंश दिसला तर मिश्रण, हा निवाडा काही क्षणांत होतो. प्रयोगशाळेचा दाखला नसतानाही शेकडो प्रकारच्या कापडांची खरेदी या ज्ञानाच्या आधारावर चालते, आणि हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर गादीच्या कडेला बसून ताके घडी करता करता पोरसवदा वयात हातात उतरते. संगणकाच्या पडद्यावर कापड विकले जाण्याच्या काळातही मंगळदासची गर्दी ओसरत नाही याचे मुख्य कारण इथे आहे: पोत पडद्यावर दिसत नाही.

गादीवरचा शब्द

मंगळदासपासून काळबादेवीच्या बाजूला वळले की किरकोळ विक्रीचा गलबला कमी होतो आणि मूळजी जेठा मार्केटचा घाऊक व्यवहार सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या मार्केटचे नाव जळगावच्या महाविद्यालयामुळे खानदेशातील वाचकांनाही परिचयाचे आहे. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव अफाट चढले. त्या पैशाचा पुष्कळसा भाग सट्ट्यात बुडाला हे खरे असले, तरी उरलेल्या भांडवलातून गिरण्या, गोद्या आणि मार्केटे उभी राहिली. गिरणगावात विणलेले कापड विकले जाई ते या गाद्यांवर. त्याच गाद्यांवर मँचेस्टरचे कापडही विकले जाई.

म्हणूनच स्वदेशीचा लढा या गल्ल्यांत प्रत्यक्ष लढला गेला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या परिसरात परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना बाबू गेनू सैद या तरुणाने त्याच्यापुढे आडवे होऊन प्राण दिले. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावातून आलेला हा गिरणी कामगार होता, म्हणजे जे कापड विणण्यात त्याचे आयुष्य जात होते त्याच कापडाच्या बाजाराच्या दारात त्याचा अंत झाला. या घटनेकडे स्वातंत्र्यलढ्यातील हौतात्म्य म्हणून पाहिले जाते ते योग्यच आहे. पण विणणारा आणि विकणारा यांच्यामधले अंतर किती थोडे होते आणि तरी किती मोठे होते, हेही तिच्यातून दिसते.

आज मुंबईत कापड फारसे विणले जात नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर सरकले. तरीही मूळजी जेठा मार्केट उभे राहिले, कारण त्याचे खरे काम कापड ठेवण्याचे नसून कापडाला पत पुरवण्याचे आहे. यंत्रमागावरून उतरलेले न धुतलेले, न रंगवलेले कोरे कापड, ज्याला बाजारात ‘ग्रे’ म्हणतात, एक व्यापारी घेतो. तो ते रंगाईसाठी किंवा छपाईसाठी कधी बालोतऱ्याला, कधी जेतपूरला, कधी सुरतेला पाठवतो. तयार माल भिवंडीच्या गोदामात पडतो. आणि काळबादेवीच्या गादीवर मात्र येतात ते नमुने आणि रंगछटांची पत्रके. सोलापूरचा किंवा नागपूरचा दुकानदार दलालाबरोबर गादीवर येतो, नमुना हाताळतो, भाव ठरतो आणि माल दोन-तीन महिन्यांच्या मुदतीवर सुटतो. दलाल हा येथे केवळ गाठ घालून देणारा मध्यस्थ नाही. कोणत्या गावचा कोणता दुकानदार वेळेवर पैसे फेडतो, कोणाच्या घरी यंदा लग्न असल्याने देणे लांबेल, कोणाचा मुलगा धंद्यात लक्ष घालीत नाही, ही सगळी माहिती त्याच्यापाशी असते, आणि त्याच्या छोट्या टक्केवारीत या माहितीचे मोल धरलेले असते. रोख देणाऱ्यास मिळणारी सूट, म्हणजे वटाव, आणि उशीर करणाऱ्यावर चढणारे व्याज यांच्यामधल्या पट्ट्यात सारा बाजार चालतो.

१९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर गिरणीच्या पातळीवरच घेतला जात असल्याने व्यापाऱ्याचा कराच्या कागदांशी फार संबंध येत नसे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पाच टक्क्यांच्या करापेक्षाही प्रत्येक हाताबदलाची नोंद ठेवण्याच्या सक्तीने या गाद्यांची सवय मोडली. लहान व्यापाऱ्यांची तेव्हाची अस्वस्थता ही करचुकवेगिरीची खूण होती असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण शब्दावर उभ्या असलेल्या व्यवहाराला कागदात उतरवण्यास लागणारा मेहताजी आणि संगणक प्रत्येकाला परवडणारा नव्हता.

दगडी मंडईतून वाशीकडे

रस्ता ओलांडून क्रॉफर्ड मार्केटमध्ये शिरताना प्रवेशकमानींवरच्या शिल्पपट्टांकडे मान वर करून पाहिले पाहिजे. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेली ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली आणि शेतकऱ्यांची व बाजारातील माणसांची ती कोरीव दृश्ये जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली घडली. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाऐवजी पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव या मंडईला देण्यात आले. पुण्याच्या मंडईलाही तेच नाव आहे, आणि शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसाचे नाव दोन्ही शहरांत शेतमालाच्या बाजाराला असावे यात मोठे औचित्य आहे.

या छताखालचा घाऊक व्यापार मात्र आता येथे राहिलेला नाही. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली स्थापन झालेल्या मुंबई बाजार समितीने दक्षिण मुंबईतील कोंडी फोडण्यासाठी एकेक बाजार वाशीला नेला. कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य यांच्यानंतर १९९६ मध्ये फळे आणि भाजीपालाही गेला. क्रॉफर्ड मार्केटमध्ये उरली ती निवडक फळांची किरकोळ विक्री, सुकामेवा, परदेशी खाद्यपदार्थ आणि मागच्या बाजूचे मटण-मासळीचे गाळे. आंब्याच्या दिवसांत येथे लाकडी पेटीतला भाताचा पेंढा बाजूला सारून विक्रेता फळ हातात देतो तेव्हा त्या पेटीचा अर्धा प्रवास वाशीत झालेला असतो. पेटीचा दर्जा तिच्यातल्या फळांच्या संख्येवरून ओळखला जातो: साडेचार-पाच डझनांची पेटी म्हणजे मोठे फळ, सात-आठ डझनांची म्हणजे लहान, त्यामुळे एकाच आकाराच्या पेटीत डझन जितके कमी तितका भाव अधिक, हे गणित नवख्याला प्रथम उलटे वाटते.

वाशीत या फळांचा भाव ठरण्याची एक जुनी रीत ‘हत्ता’ या नावाने ओळखली जाते. खरेदीदार आणि विकणारा रुमालाखाली हात मिळवतात, बोटे दाबून आकडा सांगतात, आणि भोवती उभ्या असलेल्यांना, तसेच ज्याचा माल आहे त्या दूरच्या बागायतदारालाही, भाव कळत नाही. कायद्याला उघडा लिलाव अपेक्षित आहे. या गुप्ततेचे समर्थन करताना गर्दीतला वेग आणि खरेदीदारांमधली चुरस यांची कारणे दिली जातात. परंतु ज्याच्या बागेतले फळ आहे त्यालाच भाव न दिसणे हे कोणत्याही सोयीच्या नावाखाली योग्य ठरू शकत नाही. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या. बागायतदाराला दुसरी वाट मिळाली, तरी देवगडहून वा रत्नागिरीहून निघालेली पेटी उतरवून घेणारा, आगाऊ रक्कम देणारा आणि न खपलेला माल सांभाळणारा आढत्या, म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या पेढीवर टक्केवारीने विकणारा व्यापारी, त्या वाटेवर सहज भेटत नाही, म्हणून जुना रस्ता चालूच राहिला.

मिरचीचे तीन महिने

मशीद बंदर या नावातली मशीद ही रूढ अर्थाची मशीद नव्हे, असे सांगितले जाते. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकेल, या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल गृहस्थांनी येथे सिनेगॉग बांधले. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या या समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत, आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरालाही लोक मशीदच म्हणत. शेजारच्या डोंगरीचे नाव ‘डंगरी’ या जाड कापडाच्या रूपाने इंग्रजीत गेले. धान्याचे दाणाबंदर, मसाल्यांच्या वखारी आणि कापसाच्या गासड्या यांचा सहवास येथे इतका जुना आहे की १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा त्याच्या पोटात स्फोटकांबरोबर कापूस होता, आणि आगीत भस्म झाली त्यांत धान्याची गोदामेही होती.

घाऊक मसाला वाशीला गेल्यावरही वर्षभराची खरेदी करणारी कुटुंबे मशीद बंदरात आणि लालबागच्या मिरची गल्लीत येतातच. फाल्गुन संपता संपता नवी मिरची येते आणि पावसाआधी मसाला डब्यात जावा लागतो, त्यामुळे मार्च ते मे हा मोसम ठरलेला. कर्नाटकातल्या हावेरी भागातली सुरकुतलेली ब्याडगी रंग देते पण फारशी झोंबत नाही. गडहिंग्लजच्या बाजारातून येणारी लांबट संकेश्वरी चव आणि तिखटपणा सांभाळते. गुंटूरची मिरची निव्वळ तिखटासाठी घेतली जाते. यांचे प्रमाण प्रत्येक घराचे निराळे असते. मालवणी घराच्या यादीत दगडफूल, नागकेशर आणि बडीशेप असते, आगरी-कोळी घराच्या मसाल्यात मासळीच्या कालवणाला पेलेल एवढे तिखट लागते, वसईच्या ईस्ट इंडियन कुटुंबांचा बाटलीत ठासून भरला जाणारा मसाला आणखी वेगळा. गृहिणी देठ खुडून उन्हात कडक केलेली मिरची आणि निरनिराळा भाजलेला खडा मसाला घेऊन डंकासमोर बसते. डंक म्हणजे विजेच्या मोटारीवर वरखाली होणाऱ्या लोखंडी मुसळांची रांग, प्रत्येक मुसळाखाली उखळ. चक्कीत मसाला लवकर दळला जातो पण तापतो. डंकात तो हळू कुटला जातो, त्याचे तेल टिकते आणि रंग उतरत नाही. आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळू नये म्हणून ती घमेले संपेपर्यंत तिथून हलत नाही, नाकाला पदर लावून खोकत बसते, आणि मग गोणी उचलायला माणूस शोधते.

माथ्याचा कायदा

हा गोणी उचलणारा माणूस आणि मूळजी जेठा मार्केटमध्ये कापडाची गासडी पाठीवर घेऊन जिना चढणारा माणूस एकाच व्यवस्थेतले आहेत, किंबहुना पुष्कळदा एकाच तालुक्यातले असतात. सातारा जिल्ह्याच्या पाटण-जावळीपासून पुण्याच्या जुन्नर-आंबेगावपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यातून, जिथे पावसाळ्यानंतर शेतात काम उरत नसे, पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईच्या बाजारात आले. गावकीच्या खोल्या, म्हणजे एका गावाने मिळून घेतलेल्या आणि गावच्या माणसांनी पाळीपाळीने झोपायला वापरलेल्या खोल्या, आणि खानावळी यांच्या आधारावर ते राहिले. गिरणगावातल्या अशाच खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. कापड विणणाऱ्यांना जेवू घालणारे हे हात कापडाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जातात.

ओझे वाहणाऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न फार काळ अनुत्तरित होता, कारण तो सकाळी एका पेढीचा आणि दुपारी दुसरीचा माल उचलतो. स्वतः हमाली केलेले अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याची युक्ती साधी आणि दूरदर्शी आहे. एकेका व्यवसायासाठी, जसे कापड बाजार किंवा किराणा बाजार, त्रिपक्षीय मंडळ स्थापन होते. मालक आणि कामगार दोघेही त्यात नोंदले जातात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. आणि मंडळ कामगाराला महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस आणि उपदान देते. मालक दिवसातून चार वेळा बदलला तरी कामगाराची नोंद एकाच ठिकाणी राहते. ज्या कामगारांची नोकरी कोणत्याच एका धन्याकडे नाही त्यांना संरक्षण कसे द्यावे यावर आज घरपोच माल पोहोचवणाऱ्या तरुणांच्या संदर्भात देशभर चर्चा चालू आहे. मुंबईच्या बाजाराने त्याचे एक उत्तर अर्ध्या शतकापूर्वी काढून ठेवले होते, याचा विसर पडू नये.

काम टोळीने होते. टोळीचा मुकादम माल वाटून देतो, चढ-उताराची मजुरी ‘वाराई’ म्हणून आणि वजन करण्याची ‘तोलाई’ म्हणून वेगळी धरली जाते, आणि मापाड्याचे काम हमालाच्या कामापेक्षा निराळे मानले जाते. गासडी पाठीवर घेताना कापडाची चुंबळ मानेशी बसवली जाते, दोघे मागून ओझे उचलून देतात, आणि एकदा भार बसला की वाहणारा थांबू शकत नाही. त्याच्या तोंडची ‘बाजू, बाजू’ ही हाळी ऐकून अख्खी गल्ली भिंतीला चिकटते. अनेकांचे मणके पन्नाशीच्या आत झिजतात. बनावट माथाडी संघटनांच्या नावाने खंडणी उकळली जाते अशी तक्रारही होते आणि ती निराधार नाही. परंतु त्या तक्रारीच्या आडून मूळ कायदाच सैल करण्याचे प्रयत्न जेव्हा जेव्हा होतात, तेव्हा या माणसांच्या मानेवरचा भार कोणी मोजत नाही.

दिवाळीत या साऱ्या टापूचा वेग एकदा शिगेला जातो आणि मग थांबतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाद्यांवर नव्या चादरी अंथरल्या जातात, लाल बांधणीच्या वह्यांवर कुंकवाने स्वस्तिक उमटते, संगणकावर हिशेब ठेवणारेही एक वही पुजतात, आणि त्यानंतर गुजराती व मारवाडी पेढ्या लाभपंचमीपर्यंत बहुतेक बंद राहतात. त्या चार दिवसांत शेख मेमन स्ट्रीटवरून सरळ समोर पाहता येते. हातगाड्या एकमेकींना साखळीने बांधून भिंतीला उभ्या केलेल्या असतात, दसऱ्याला चाकांना बांधलेला झेंडू त्यांच्यावर वाळून गेलेला असतो, आणि त्या ओढणारी बरीच माणसे पाटणच्या, आंबेगावच्या वाटेवर, एसटीच्या टपावर नाहीतर मांडीवर, मंगळदासमधून घरच्यांसाठी घेतलेल्या कापडाची पिशवी आणि मशीद बंदरातून घेतलेली खारकांची पुडी सांभाळीत असतात. लाभपंचमीच्या सकाळी मुहूर्ताचा पहिला सौदा गादीवर होतो. तो बहुधा एकाच ताक्याचा असतो, आणि तोही उचलून द्यायला कोणीतरी गावाहून रात्रीच्या गाडीने परत आलेला असतो.